चार अक्षरं, तीनदा

मशीनबाई कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायच्या. एकदा ओढलं, थांबल्या. परत ओढलं, पर्स खांद्याला लावली. आणि दोन पावलं गेल्यावर मागं येऊन तिसऱ्यांदा. एसटीचा पास, चष्म्याची डबी, डब्याचं झाकण, सगळं तीनदा चाचपायच्या. कारखान्यातले लोक पाठीमागं त्यांची नक्कल करायचे. पहिल्या आठवड्यात मीही केली होती. पुढं कुणी केली की माझं डोकं फिरायचं.

आमचा साखर कारखाना कृष्णेच्या काठाला, सांगली आणि कराडच्या मधे. बाई तिथल्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, त्या खोलीत माणसं दोनच, एक त्या आणि एक मी. मोठं मशीन आमच्या खोलीत, आणि त्याच्या वायरी शेतकी खात्यात, वजनकाट्यावर, गोदामात गेलेल्या. तिथं माणसं हिरव्या अक्षरांच्या पडद्यापुढं बसून टाइप करायची, आणि जे टाइप होईल ते आमच्या मशीनमध्ये येऊन साठायचं. बाई सांगलीच्या गावभागातल्या. घरी थकलेली आई. रोज सकाळी आठच्या एसटीनं यायच्या. आडनाव होतं, पण ते हजेरीपटावर. बाकी सगळ्यांना मशीनबाई.

मी माणचा, दुष्काळी मुलखातला. दहिवडीच्या पलीकडं आमचं गाव, शाळा चौथीपर्यंत, तीही मेंढरांमागं फिरत. पण कारखान्याच्या बॉयलरवर मी एकोणीस वर्षं काढली. नुसत्या आवाजावरनं दाब किती हे सांगायचो, आणि फोरमन घड्याळाकडं बघून मान डोलवायचा. एका हंगामात वाफेनं पाय भाजला. डॉक्टरनं सांगितलं, उष्णतेजवळ उभं राहायचं नाही. मग मला उचलून या खोलीत टाकलं. कारखान्यातल्या सगळ्यात गरम जागेतनं सगळ्यात थंड जागेत. एसीचा गारवा असा की चैत्रातसुद्धा मी घोंगडी पांघरून बसायचो. पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, हितं माणसं ठेवत्यात का मढी?"

बाईंनी वर न बघता उत्तर दिलं, "इथं मशीन ठेवतात, तात्या. माणसांनी जमवून घ्यायचं. आणि चपला बाहेर."

चपला बाहेर म्हणजे बाहेर. चेअरमन आले तरी बाहेर. पहारा माझा. ते काम मात्र मला आवडलं.

त्या मशीनवर काय चालतं हे मला बरेच दिवस कळलं नाही. मग एकदा बाईंनी सांगितलं. कुणी कुठल्या तारखेला उसाची लागण केली याची नोंद मशीनमध्ये असते, आणि त्या तारखेप्रमाणं कुणाचा ऊस कधी तुटणार याची यादी मशीन काढतं. ऊस आठ दिवस उशिरा तुटला तर वजन घटतं, तुरे येतात. म्हणून त्या यादीसाठी पूर्वी माणसं रात्रंदिवस ओळखीपाळखी काढत फिरायची. मशीन आल्यापासून ते बंद झालं. एकदा एक मोठे पाहुणे आले आणि बाईंना म्हणाले, आमचं नाव जरा वर घ्या. बाईंनी यादीचा कागद त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "हे मशीन विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि बोललं की तोंड बघून बोलत नाही." पाहुणे चपला घालून गेले. तेव्हापासून मी बाईंना मानायला लागलो. मी सहसा कुणाला मानत नाही.

त्या मशीनचं नाव युनिक्स. ते कधीच बंद करायचं नाही. वर्षातनं एकदाच, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा असते तेव्हा. त्या दिवशी बाई खुर्चीत ताठ बसायच्या आणि चार अक्षरं टाइप करायच्या. थांबायच्या. परत तीच चार. परत थांबून तीच चार. मग पुढचा हुकूम, आणि मग मशीन हळूहळू शांत व्हायचं.

मी विचारलं, "तीनदा कशापायी? येकदा सांगून ऐकत न्हाई व्हय?"

"एस, वाय, एन, सी. या चार अक्षरांचा अर्थ, जे डोक्यात धरून ठेवलं आहेस ते सगळं तबकडीवर उतरव. एरवी मशीन बऱ्याच गोष्टी डोक्यातच ठेवतं. तसंच बंद केलं तर त्या गेल्या. म्हणून पहिल्यांदा सांगायचं. दुसऱ्यांदा, ऐकलं का ते बघायचं."

"आन तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा आपल्या मनासाठी," बाई म्हणाल्या.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचं साल असेल. पावसाळा संपत आला होता. एम. डी. साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. मी चहा घेऊन गेलो होतो म्हणून कानावर पडलं. सगळीकडं आता विंडोज आलंय, आपल्यालाही आणायचं. मशीन येत्या आठवड्यात येईल. बॉयलर पेटायच्या दिवशी तोडणीची पहिली यादी नव्या मशीनवरनं निघाली पाहिजे. "जमत असेल तर बघा," साहेब म्हणाले. "नसेल जमत तर विभाग पुण्याच्या लोकांना चालवायला देऊ. तुम्हाला काढणार नाही. स्टोअरला टेबल रिकामं आहे."

स्टोअर म्हणजे नट-बोल्ट, ग्रीसचे डबे आणि पोती. बाई उठल्या. बाहेर आल्या आणि पर्सची चेन तीनदा लावली-काढली.

दहा वर्षं त्या मशीनपाशी घालवलेल्या बाई त्या. शेजारच्या कारखान्यांतनं माणसं यायची अडलेलं विचारायला. बाई डोळे मिटून सांगायच्या, अमुक ठिकाणी जा, अमुक लिहा. आता त्यांना पहिलीत बसायचं होतं.

पुण्याहून एक टायवाले साहेब आले. दोन दिवस राहिले. त्यांनी नवं मशीन उभं केलं. तीन फ्लॉप्या एकामागून एक, मग सीडी, मग पडद्यावर चित्रं. बाई शेजारी वही घेऊन बसलेल्या. ते जे करतील ते लिहायच्या. मधेच शेतकी खात्यातनं फोन आला म्हणून त्या दहा मिनिटं गेल्या. आल्या आणि वहीत लिहिलं, 'इथे दहा मिनिटं मी नव्हते.' साहेबांना विचारलं, काय केलंत मधे? ते म्हणाले, काही विशेष नाही, पुढंच चाललं होतं. मी कोपऱ्यात घोंगडीत बसून सगळं बघत होतो. मला कोण विचारतंय?

साहेब गेले. जाताना इंग्रजी पुस्तकांचा गठ्ठा ठेवून गेले, उशाला घेण्याएवढा जाड. खोकं, थर्माकोल, पिशव्या टाकून द्या म्हणाले. मी काहीच टाकत नाही. माणच्या माणसाला टाकणं जमत नाही. सगळं जिन्याखाली नेऊन ठेवलं.

मग बाईंचे हाल सुरू झाले. जुन्या मशीनला त्या हुकूम द्यायच्या, अक्षरांत. तो हुकूम वहीत लिहिता यायचा. नव्या मशीनला चित्रावर बोट ठेवल्यासारखं करायचं. ते वहीत कसं लिहिणार? बाईंनी लिहिलं, 'वरून तिसरं, मग उजवीकडचं, मग खाली उतरून पाचवं.' दुसऱ्या दिवशी बघतात तर पाचवं सहावं झालेलं. कपाळाला हात लावून बसल्या.

"तात्या, दहा वर्षं स्वयंपाक केलेली बाई परक्या घरी गेली आणि तिला मिठाचा डबा सापडेना, तर तिला काय म्हणाल?"

"पाव्हणी म्हणणार."

"मी म्हणते, बावळट," बाई म्हणाल्या. "स्वयंपाक येतो हो मला. मीठ कुठं ठेवलंय ते कळत नाही."

माउस तर त्यांच्या हाताला बसेना. टेबलाचा सनमायका गुळगुळीत, त्यावरनं तो घसरायचा. मला बघवेना. मी माझ्या घोंगडीचा वीतभर तुकडा कापला, कडा टाचल्या आणि माउसखाली घातला. घोंगडी कापणं आमच्याकडं सोपी गोष्ट नाही. बाई खूश झाल्या. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी पडद्यावरचा बाण जागचा हलेना. बाईंनी पुस्तकात शोधलं, पुण्याला फोन केला, शेवटी माउस उलटा करून त्याच्या पोटातली गोळी काढली. आत मेंढीची लोकर! रुळांना अशी गुंडाळलेली, जसं सूत कातायला बसलंय. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. केसातला आकडा काढून त्यांनी लोकर कोरून काढली. तुकडा मात्र टाकला नाही. घडी करून खणात ठेवला.

मग त्यांनी एक नवीच पद्धत काढली. रोज दुपारचा डबा झाला की मला खुर्चीत बसवायच्या. "काल मी काय शिकले ते तुम्हाला शिकवते. तुम्हाला कळलं तर मला कळलं."

मी म्हणालो, "आवं बाई, चौथी शिकल्याला मानूस मी. मला कशाला त्रास?"

"म्हणूनच. एम. डी. साहेबांना शिकवलं तर ते नुसती मान हलवतील. तुम्ही हलवणार नाही."

ते खरं होतं. मला कळलं नाही तर मी उठतच नसे. हट्टी माणूस. बाई चिडायच्या, मी चिडायचो. "समजलं नसताना व्हय म्हनायची मला सवय न्हाई," असं मी एकदा त्यांना तोंडावर म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "ती सवय लावूनही घेऊ नका." इंग्रजी अक्षरं मी तिथंच शिकलो, की-बोर्डवर. म्हणून माझी एबीसीडी क्यूपासनं सुरू होते, तिच्या तीन ओळी आहेत. आजही मला कुणी एच विचारलं तर मी मधल्या ओळीत बोट फिरवून बघतो. नवं मशीन रीतसर बंद कसं करायचं हेही शिकलो. बंद करायला सांगितलं की ते विचारायचं, नक्की ना? मग म्हणायचं, थांबा. मग म्हणायचं, आता बंद केलं तरी चालेल. तेव्हाच बटण दाबायचं.

त्या 'नक्की ना'चा बाईंना फार राग. "दहा वर्षांत त्या मशीननं मला एकदाही 'नक्की ना' विचारलं नाही. सांगितलं की केलं. हे मेलं फार गोड बोलतं. गोड बोलणाऱ्यावर माझा विश्वास बसायला वेळ लागतो."

पण हळूहळू बसला. भाद्रपद संपेपर्यंत बाईंच्या वहीतली खाडाखोड कमी झाली. एका दुपारी मी डबा उघडत होतो. बाई पडद्याकडं बघत हळूच म्हणाल्या, "तात्या, मीठ सापडलं."

आणि मग खंडेनवमी आली, आणि माती मी केली.

बॉयलर पेटायला पाच दिवस राहिलेले. बाईंनी सकाळीच जुन्या मशीनमधल्या उसाच्या नोंदी नव्या मशीनमध्ये उतरवायला लावल्या होत्या. त्याला दुपारपर्यंत वेळ लागणार होता. त्यांना शेतकी खात्यात बैठक होती. जाताना म्हणाल्या, "चालू आहे, कुणाला हात लावू देऊ नका. ते झालं की मी येऊन बंद करते, मग पूजा." मी दारात बसलो. कुणाला हात लावू दिला नाही. तासा-दीड तासानं मागं बघतो तर नव्या मशीनचा पडदा काळा. काहीच नाही. मला वाटलं काम संपलं आणि ते आपलं आपण निजलं. नुसता एक हिरवा दिवा लुकलुकत होता. तेवढ्यात पूजेचं ताट घेऊन बॉयलरचे लोक आले. फोरमन म्हणाला, "आवरा तात्या, आमी सगळीकडनं करून आलोय, तुमचंच ऱ्हायलंय."

बॉयलरवरचा नियम आहे, गरम यंत्राला कुंकू लावायचं नाही. हत्यार थंड पाहिजे, मगच पूजा. एकोणीस वर्षं पाळलेला नियम. तो हिरवा दिवा माझ्या डोळ्यात खुपला. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. कुणाला हात लावू द्यायचा नाही यात मी स्वतःला धरलंच नव्हतं. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, उंबऱ्याबाहेर नारळ फोडला.

बाई आल्या. त्यांनी माळ बघितली, मग बटण बघितलं. बटण चालू केलं. पडदा निळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं, आणि पुढं काही हलेना. परत केलं, परत निळा. तिसऱ्यांदा त्यांनी केलं नाही. बाईंनी एखादी गोष्ट दोनदाच केलेली मी तेव्हाच बघितली.

काही वेळ कुणी की-बोर्डला हात लावला नाही की पडदा आपण होऊन काळा होतो, आत काम चालूच असतं, हे त्यांनी मला शिकवायचं राहून गेलं होतं.

एम. डी. साहेब पूजेचा प्रसाद घ्यायला आलेच होते. निळा पडदा बघून त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

"माझ्याकडून झालं," बाई म्हणाल्या.

मी तिथंच उभा होतो. हातात नारळाचं भकल. तोंड उघडलं नाही. आयुष्यात कुणाला घाबरलो नाही असं मी सांगत आलोय. ते खरं नाही. त्या दिवशी घाबरलो.

"पाच दिवस आहेत," साहेब म्हणाले. पुण्याला फोन लावला. टायवाले साहेब लांबच्या गावी गेलेले, आठ-दहा दिवसांनी येणार. साहेबांनी फोन ठेवला आणि बाईंकडं बघून नुसती मान हलवली. स्टोअरचं नाव काढलं नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं.

घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, पाय दुखतोय का? म्हणालो, व्हय. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याचा दिवस, साहेबांच्या बंगल्यावर लोक सोनं द्यायला रांगेत उभे होते. मीही उभा राहिलो. नंबर आला तेव्हा आपट्याचं पान साहेबांच्या हातात ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "सायेब, मशीन मी बंद केलं. बाईंनी न्हाई. काय करायचं ते माझं करा."

साहेबांनी पान खिशात ठेवलं. मग म्हणाले, "तात्या, तुमचं काय करू? तुम्हाला काढून यादी निघणार असेल तर आत्ता काढतो. जा, बाईंना मदत करा."

बाईंना कळलं तेव्हा त्या माझ्यावर भडकल्या. आयुष्यात तेवढ्या कधी भडकल्या नव्हत्या. "मी सांगितलं होतं ना, माझ्याकडून झालं? ते खोटं नव्हतं. या खोलीत जे होतं ते माझ्याकडूनच होतं. खोली माझी आहे. पडदा काळा होतो हे तुम्हाला सांगितलं नाही, ती चूक कुणाची? तुमची?" मग आवाज उतरला. "बसा. आपल्याला हे मशीन पहिल्यापासून उभं करायचंय."

नोंदी जुन्या मशीनमध्ये शाबूत होत्या, तेवढं बरं. नवं मात्र कोरं करून परत सगळं घालायचं होतं. बाईंनी वही उघडली. पहिली फ्लॉपी, दुसरी फ्लॉपी. मशीन चाललं, थांबलं, आणि म्हणालं, या मशीनमध्ये साठवायला तबकडीच दिसत नाही. बाईंनी परत पहिल्यापासून केलं. तेच. दुपारपर्यंत पाच वेळा केलं. वहीत त्या जागी एकच ओळ होती. 'इथे दहा मिनिटं मी नव्हते.'

बाईंनी पेन ठेवलं. चष्मा काढला. "संपलं, तात्या. स्टोअरमध्ये निदान थंडी वाजणार नाही."

मी म्हणालो, "बाई, टायवाल्या सायबांनी हितं चौथी फ्लॉपी घातली व्हती."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "कुठली चौथी? तीनच आहेत."

"पिवळी चिठ्ठी लावल्याली. खोक्यातनं काढली आन परत खोक्यात टाकली. आन त्येच्या आदी एक बटण दाबलं."

"कुठलं बटण? आठवा. नीट आठवा."

आठवायचं काय त्यात. मी बॉयलरचा माणूस, दुसऱ्याच्या हाताकडं बघूनच शिकलोय. "मधल्या ओळीतलं डावीकडनं दुसरं. येस. आपल्या चार अक्षरांतलं पयलं."

मी जिन्याखालनं खोकं आणलं. थर्माकोलच्या खाचेत ती फ्लॉपी होती, पिवळ्या चिठ्ठीसकट. बाईंनी परत सुरुवात केली. त्या जागी आल्यावर हात मागं घेतला आणि मला म्हणाल्या, "दाबा." मी दाबलं. फ्लॉपी घातली. मशीन कुरकुरलं, दिवा लागला, आणि पडद्यावर तबकडीचं नाव आलं. बाईंनी वही ओढली, 'इथे दहा मिनिटं मी नव्हते' याच्या खाली लिहिलं, 'तात्या होते.' आणि पुढं मी सांगितलं ते सगळं उतरवून घेतलं.

बॉयलर पेटला त्या सकाळी प्रिंटरमधनं यादी निघाली. करकर करत कागदाची घडी जमिनीवर उतरत होती. साहेब चपला बाहेर काढून आत आले, यादी बघितली आणि "छान" म्हणाले. बाईंनी ती यादी जुन्या मशीनच्या यादीशी ताडून बघितली. तीनदा.

पुढं बाई बरीच वर्षं तिथंच होत्या. शेजारच्या कारखान्यांतली माणसं परत यायला लागली, आता नव्या मशीनचं विचारायला. मी आधी निवृत्त झालो आणि गावी आलो. बाई गेल्याचं त्यांच्या भाचीनं कळवलं. पत्राबरोबर एक पुडकं होतं. त्यात घोंगडीचा वीतभर तुकडा, कडा टाचलेला.

तो हातात घेतला की मला एकच दिवस आठवतो. हंगाम संपला होता. जुनं मशीन आता कायमचं बंद करायचं होतं. मला वाटलं बाई स्वतः करतील. त्यांनी खुर्ची माझ्याकडं सरकवली. मी शर्टाला बोट पुसलं, एकेक अक्षर शोधत चारही टाइप केली. थांबलो. परत केली. तिसऱ्यांदा करताना मला नीट दिसत नव्हतं, पण बटणं पाठ होती. मग पुढचा हुकूम. पंखा मंदावला, थांबला. दहा वर्षं ज्या आवाजात बाई बसल्या होत्या तो आवाज गेला. खोली एवढी गप्प असते हे दोघांनाही माहीत नव्हतं.

भिंतीवरचं बटण तेवढं राहिलं होतं. मी बाजूला झालो, ते तरी बाईंनी करावं म्हणून.

"छे," बाई म्हणाल्या, "ते काम तुमचंच. तुमचा हात बसलाय त्यावर."